पाचवी तार : ऊदपासून बास गिटारपर्यंत

उर्दूत ‘झेर-ओ-बम’ असा एक शब्द आहे. आवाजातला चढउतार, स्वरांचं खालीवर होणं या अर्थानं तो वापरला जातो. धड्यात हा शब्द आला की मी मुलांना सांगतो, ही मुळात दोन तारांची नावं आहेत. ‘बम’ म्हणजे ऊद या वाद्याची सर्वांत जाड, खर्जातली तार. ‘झीर’ म्हणजे सर्वांत बारीक, सर्वांत उंच स्वराची तार. फारसीत ‘झेर’चा अर्थ मात्र ‘खाली’ असा आहे. अक्षराखाली लागणाऱ्या चिन्हालाही आपण झेरच म्हणतो. मग उंच स्वराच्या तारेला ‘खाली’चं नाव कसं? ऊद मांडीवर धरून पाहिला की कोडं सुटतं. झीर ही तार जमिनीच्या बाजूला येते आणि बम वादकाच्या हनुवटीकडे. आजची बास गिटारही अशीच धरतात. सर्वांत खर्जातली तार डोळ्यांसमोर वर, सर्वांत उंच स्वराची तार खाली.

हे आधी सांगायचं कारण असं की या लेखाचा विषयच ‘पाचवी तार कुठे लावायची’ हा आहे. चार तारांच्या वाद्याला पाचवी तार जोडायची ठरली, तर ती खर्जाच्या बाजूला जोडावी की उंच स्वराच्या बाजूला? हा प्रश्न नवव्या-दहाव्या शतकात बगदादच्या विद्वानांपुढे होता. विसाव्या शतकात तोच प्रश्न अमेरिकेतल्या बास गिटार घडवणाऱ्यांपुढे आला. दोन्ही ठिकाणची उत्तरं वेगळी निघाली. ती वेगळी का निघाली, यात मला रस आहे.

आपल्याकडे या विषयावर एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. झिरयाब नावाच्या मुस्लिम संगीतकारानं ऊदला पाचवी तार जोडली, त्यातूनच गिटार जन्मली, म्हणजे आजचं सगळं पाश्चात्त्य संगीत आपलंच देणं आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तर एवढ्यावरही भागत नाही. अभिमान वाटण्यात गैर काही नाही. पण या गोष्टीत जो भाग खरोखर मोलाचा आहे, तोच नेमका गळून जातो.

चार बोटं, चार तारा

ऊदच्या जुन्या चार तारांची नावं बम, मसलस, मसना आणि झीर अशी आहेत. मसलसमध्ये ‘सालिस’ म्हणजे तिसरा, मसनामध्ये ‘सानी’ म्हणजे दुसरा. उर्दू माध्यमाच्या भूमितीत त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणतात, त्यातली अक्षरंही तीच. थोडक्यात, झीरपासून मोजत गेलं की दुसरी आणि तिसरी तार.

या तारा एकमेकींपासून किती अंतरावर मिळवायच्या? उत्तर हाताच्या रचनेत होतं. त्या काळच्या ग्रंथांत स्वरांना बोटांची नावं आहेत. मोकळी तार म्हणजे मुतलक, मग सब्बाबा म्हणजे तर्जनी, वुस्ता म्हणजे मधलं बोट, बिनसिर म्हणजे अनामिका आणि खिनसिर म्हणजे करंगळी. हात एका जागी ठेवून करंगळी टेकली की मोकळ्या तारेच्या ‘सा’पासून शुद्ध ‘म’ मिळतो. म्हणून पुढची तार त्याच मध्यमाला मिळवायची. एका तारेवरचं काम करंगळीपाशी संपतं आणि तिथूनच पुढच्या तारेचं काम सुरू होतं. बास गिटारच्या ई, ए, डी, जी या चार ताराही अगदी याच अंतरानं मिळवतात. पहिल्या तारेला ‘सा’ मानलं तर दुसरी ‘म’, आणि पुढेही तसंच. इलेक्ट्रिक बासची दांडी लांब असल्यामुळे चार बोटं साधारण चार पडद्यांवर पुरतात आणि पाचव्या पडद्याचा स्वर पुढच्या मोकळ्या तारेवर सापडतो. हात सगळीकडे सारखाच आहे, त्यामुळे तोडगाही सारखाच निघाला.

या चार तारांभोवती त्या काळच्या विद्वानांनी मोठी मांडणी उभी केली होती. चार महाभूतं, चार ऋतू, युनानी वैद्यकातले शरीराचे चार द्रव आणि त्यांच्याशी जोडलेल्या चार तारा. दहाव्या शतकात बसऱ्यात ‘इख्वान अस-सफा’ नावाचा विद्वानांचा एक गट होता. त्यांच्या संगीतावरच्या प्रबंधात तारांच्या जाडीचं माप दिलं आहे. बमसाठी रेशमाचे ६४ धागे, मसलससाठी ४८, मसनासाठी ३६ आणि झीरसाठी २७. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांश आहे. ‘सा’ आणि ‘म’ यांच्यातलं गणिती प्रमाणही ३ : ४ आहे. स्वराचं प्रमाण धाग्यांच्या संख्येत उतरवण्याचा हा प्रयत्न होता.

आता हे आकडे पुढे वाढवून पाहा. २७ चे तीन-चतुर्थांश म्हणजे सव्वावीस. उलट बाजूला ६४ च्या खाली जायचं तर ८५ आणि वर एक-तृतीयांश. धागा काही पाव किंवा एक-तृतीयांश घेता येत नाही. ६४ हा चारचा घन आणि २७ हा तीनचा घन, त्यामुळे हा सुबक हिशेब बरोबर चार तारांपुरताच चालतो. पाचवी तार आली की तो अपूर्णांकात जातो. चार द्रव, चार ऋतू आणि चार तारांच्या या बंदिस्त घरात पाचवीला जागाच ठेवलेली नव्हती.

झिरयाबची लाल तार

झिरयाबचं खरं नाव अबुल हसन अली इब्न नाफी. तो बगदादच्या दरबारी संगीताच्या परंपरेत वाढला आणि ८२२ मध्ये अंदलूसमधल्या कुर्तुबा, म्हणजे आजच्या कॉर्डोबा इथे अब्दुर्रहमान दुसरा याच्या दरबारात आला. त्याच्या पाचव्या तारेचं जे वर्णन सर्वत्र सांगितलं जातं, ते मुख्यतः अल-मक्करी या इतिहासकाराच्या ग्रंथातून येतं. अल-मक्करी १६३२ मध्ये वारला आणि झिरयाब ८५७ मध्ये. दोघांत पावणेआठशे वर्षांचं अंतर आहे. अल-मक्करीनं अंदलूसच्या जुन्या इतिहासकारांचा आधार घेतला आहे, त्यामुळे त्याचं लिखाण मोडीत काढता येत नाही. तरीही डोळसपणे वाचावं लागतं.

त्या वर्णनानुसार चार तारांना चार द्रवांचे रंग होते. झीर पिवळी, मसना लाल, मसलस पांढरी आणि बम काळी. शरीर आहे, पण रूह कुठे आहे, या विचारानं झिरयाबनं पाचवी तार जोडली. तिला लाल रंग दिला आणि ती मसलस आणि मसना यांच्या मधोमध बसवली. लाकडी नखीऐवजी गरुडाच्या पिसाची नखी वापरण्याचं श्रेयही त्यालाच दिलं जातं.

ही गोष्ट सुंदर आहे. पण तार मध्ये बसवली, एवढ्यानं वाद्याचा आवाका वाढत नाही. सर्वांत खालचा स्वर बमवर आणि सर्वांत उंच स्वर झीरवरच राहतो. या वर्णनाचा सगळा भर रंगावर आणि अर्थावर आहे, स्वरमापावर नाही. चार द्रवांच्या मांडणीत रूहची उणीव होती, ती या तारेनं भरून काढली. त्या काळातला विचार कसा चालायचा हे कळण्यासाठी ती मोलाची आहे. वाद्य घडवणाऱ्याच्या हाती मात्र तिच्यातून फारसं काही लागत नाही. पाचव्या तारेचा खरा हिशेब बगदादमध्ये मांडला गेला.

अल-फाराबीचा हिशेब

अल-किंदी हा नवव्या शतकातला बगदादचा तत्त्वज्ञ. त्यानं दोन सप्तकं पुरी करण्यासाठी पाचव्या तारेची कल्पना मांडली. त्याच्यानंतर अल-फाराबी, मृत्यू ९५०, यानं ‘किताब अल-मूसीकी अल-कबीर’ या ग्रंथात हा विषय तपशिलानं हाताळला.

हिशेब आपल्या सरगममध्ये करून पाहू. बमची मोकळी तार ‘सा’ धरली तर मसलस ‘म’, मसना कोमल ‘नि’ आणि झीर वरच्या सप्तकातला कोमल ‘ग’. झीरवर करंगळी टेकली की आपण वरच्या सप्तकातल्या कोमल ‘ध’वर पोहोचतो. तिथे हात संपतो. दोन सप्तकं पुरी व्हायला अजून दोन पूर्ण स्वरांतरं कमी पडतात.

ती भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. हात दांडीवर पुढे सरकवायचा आणि झीरवरच वरचे स्वर काढायचे, किंवा झीरच्या पलीकडे आणखी एक तार लावायची. या पाचव्या तारेला नाव मिळालं ‘हाद’, म्हणजे तीव्र, टोकदार. उर्दू भूमितीत लघुकोनाला ‘हाद्दा’ म्हणतात तो हाच शब्द. इथे पाचवी तार कुठे जाणार याबद्दल शंकाच उरत नाही. उणीव वरच्या बाजूला होती, म्हणून तार वरच्या बाजूला लागली.

तेराव्या शतकात सफीउद्दीन अल-उर्मवी या बगदादच्याच संगीतशास्त्रज्ञानं ‘किताब अल-अदवार’ लिहिली. तोपर्यंत पाच तारांचा ऊद ही नेहमीची गोष्ट झाली होती. १२५८ मध्ये हुलागूनं बगदाद उद्ध्वस्त केलं, पण हा माणूस आणि त्याचा ग्रंथ दोन्ही वाचले.

पाचव्या तारेवर गोष्ट संपली नाही. आजच्या अरबी ऊदला साधारणपणे पाच जोडतारा आणि खर्जात एक सुटी तार असते. ती सुटी तार मकामप्रमाणे आणि वादकाच्या आवडीप्रमाणे वेगवेगळ्या स्वराला मिळवतात. इराकी वादक मुनीर बशीर यांच्या परंपरेत उलट बाजूला आणखी उंच तार लागते, कारण त्यांचं वादन गायकाची साथ सोडून एकल मैफिलीत गेलं. वाद्य तेच राहिलं, काम बदललं आणि त्याबरोबर तारही बदलली.

फुलर्टनची वरची तार

आता एक मोठी उडी. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. याआधी बास म्हणजे उभा, माणसाएवढा डबल बास. त्याला पडदे नसत आणि बँडच्या गोंगाटात त्याचा आवाजही पोहोचत नसे. फेंडर यांनी त्याच चार तारा, त्याच स्वरांना, ३४ इंचांच्या लांबीवर एका भरीव लाकडी गिटारवर बसवल्या आणि खाली २० पडदे दिले.

ऊदपासून या वाद्यापर्यंत सरळ रेषा ओढायचा मोह इथे होतो. युरोपचा ल्यूट हा अरबी ‘अल-ऊद’मधून आला, हे शब्दातच दिसतं. पण फेंडर यांच्यासमोर उभा डबल बास होता, अल-फाराबीचा ग्रंथ नव्हता. सारखेपणा दिसला म्हणजे वारसा सिद्ध झाला असं होत नाही. एकच अडचण दोन वेगळ्या ठिकाणी आली, तर माणसं दोन्हीकडे सारखा विचार करू शकतात. मला तर हे वारशापेक्षा अधिक थक्क करणारं वाटतं.

कारण १९६५ मध्ये फेंडर कंपनीनं पाच तारांची ‘बास फाइव्ह’ काढली आणि तिची पाचवी तार ‘हाद’च्याच जागी होती, म्हणजे जीच्या वर सी. या बासला पडदे फक्त १५ होते. हिशेब करा. २० पडद्यांच्या चार तारी बासवर जीच्या तारेवरून विसाव्या पडद्याला जो स्वर मिळतो, तोच इथे सीच्या तारेवर पंधराव्या पडद्याला मिळतो. आवाका एका स्वरानंही वाढला नाही. हात दांडीवर पुढे न्यायचा की एक तार वाढवायची, हे अल-फाराबीच्या हिशेबातले दोन पर्याय आहेत. फेंडरनं दुसरा निवडला.

वादकांनी मात्र तिला स्वीकारलं नाही. काही वर्षांतच तिचं उत्पादन बंद पडलं. बासवाल्याला उंच स्वरांची वाण नव्हती. गाण्यात त्याचं काम खालचं होतं.

खालची तार आणि पोटाचा प्रश्न

खर्जाकडची तार ही कल्पना युरोपच्या वाद्यवृंदांना नवी नव्हती. तिथे ईच्या खाली बी किंवा सी असलेले पाच तारांचे डबल बास आधीपासून होते, कारण रचनाकारांनी तेवढे खालचे स्वर लिहून ठेवले होते. इलेक्ट्रिक बासमध्ये ही तार १९७० च्या दशकात आली. १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिरानं अँथनी जॅक्सन यांच्यासाठी सहा तारांची बास बनवली, बी, ई, ए, डी, जी, सी. जॅक्सन यांचं म्हणणं असं होतं की हे वाद्य गिटारच्या कुटुंबातलं आहे, त्याला सहा तारा हव्यात. चार तारा ही निव्वळ उभ्या बासची नक्कल आहे. १९७६ मध्ये अलेम्बिक या कंपनीनं जिमी जॉन्सन यांच्यासाठी पाच तारांची बास घडवली आणि तिच्यावर खालचा बी लागला. इतकी जाड तार तेव्हा दुकानात मिळत नव्हती, ती खास बनवून घ्यावी लागली.

तरीही पाच तारांची बास सर्वांच्या हाती आली ती १९८० च्या दशकात, आणि तिला तिथे आणणारं कारण होतं सिंथेसायझर. त्या दशकातल्या पॉप संगीतात बासची ओळ बऱ्याचदा कीबोर्डवर वाजू लागली. कीबोर्डला ईची सीमा नाही. तो डी, सी, बी, हवं तिथपर्यंत खाली जातो. गाण्यांचा खर्ज आणखी खाली गेला आणि चार तारांच्या बासवाल्याला स्टुडिओत ते स्वरच वाजवता येईनात. रोजगार गमवायचा नसेल तर खालची तार हवी होती. १९८४ च्या सुमारास यामाहाची आणि १९८७ मध्ये म्युझिक मॅनची पाच तारांची बास आली. दोन्हींची पाचवी तार बीची होती. मोकळ्या ईचे सेकंदाला ४१ कंप होतात, तर बीचे ३१. या दहा कंपांच्या पट्ट्यात अनेकांची रोजीरोटी होती.

म्हणून मला हा इतिहास केवळ वाद्याचा वाटत नाही. बगदादमध्ये पाचवी तार लागली ती दोन सप्तकांची मांडणी पुरी करण्यासाठी. अमेरिकेत ती टिकली ती यंत्राशी स्पर्धा करणाऱ्या वादकाला काम मिळावं म्हणून.

तार बदलायची तर

माझा एक माजी विद्यार्थी लग्नसराईच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. पाचवी तार बीची ठेवावी की सीची, असं त्यानं मला विचारलं होतं. मी वाजवणारा नाही, पण त्याच्याकडून तारांच्या पाकिटावरचे आकडे घेतले आणि दोघांनी मिळून हिशेब केला.

नेहमीच्या संचात ईची तार एक इंचाच्या १०५ हजारांश जाडीची असते आणि बीची १३०. कंपसंख्या ठरवणाऱ्या गोष्टी तीन : तारेची लांबी, ताण आणि वजन. लांबी आणि ताण तेच ठेवून ईवरून बीवर जायचं, तर वजन १६ भागिले ९ पट, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडं जास्त हवं. त्यासाठी जाडी सुमारे १४० हजारांश लागेल. १३० च्या तारेचं वजन ढोबळमानानं दीडपटच भरतं. उरलेली कसर ताण कमी करून भरली जाते, सुमारे १४ टक्के. म्हणून बीची तार ढिली लागते आणि तिचा स्वर विस्कटतो. काही कारागीर दांडी ३४ ऐवजी ३५ इंचांची करतात ती यासाठी. तेवढ्यानं ताण सहा टक्के वाढतो.

बसऱ्याच्या धाग्यांना हाच नियम लावून पाहिला. तिथे वजन ४ : ३ नं घटतं, प्रत्यक्षात ते १६ : ९ नं घटायला हवं होतं. परिणामी झीरचा ताण बमच्या दोन पटींहून जास्त भरतो. म्हणजे तिथेही खर्जाची तार ढिलीच होती.

पाच तारांवर आज जे पर्याय रुळले आहेत ते असे :

• बी, ई, ए, डी, जी. सर्वांत प्रचलित. पॉप, चित्रपटगीत, भक्तिसंगीत, सगळीकडे चालते. हात पुढे न नेता पाचव्या पडद्यावर ई मिळतो, हाही एक फायदा.

• ई, ए, डी, जी, सी. उंच बाजूची तार. एकल वादन आणि तीन-चार स्वर एकत्र छेडणं यांसाठी. सीची तार ३० ते ३४ हजारांश जाडीची लागते.

• ए, ई, ए, डी, जी. फक्त बी एक स्वरांतर खाली उतरवायचा. हा पियानोचा सर्वांत खालचा ए, २७.५ कंपांचा. मेटल संगीतात चालतो. तार आणखी ढिली होते, त्यामुळे अधिक जाड घ्यावी लागते.

• सी, ई, ए, डी, जी. वाद्यवृंदातल्या काही डबल बासवाल्यांची पद्धत. बी थोडा चढवून सी करायचा.

• सी, जी, डी, ए, ई. मध्यमाऐवजी पंचमाच्या अंतरानं. जॅझमधले रेड मिचेल यांनी १९६६ पासून चार तारांचा डबल बास असाच मिळवला होता. आवाका खूप वाढतो, पण चार बोटांत एका तारेचे स्वर मावत नाहीत. हात सतत हलता ठेवावा लागतो. तारांचा संचही वेगळा जुळवावा लागतो.

• शिवाय चार तारांच्या बासवर पाच तारी संचातल्या खालच्या चार, म्हणजे बी, ई, ए, डी लावणारेही आहेत. वाद्य न बदलता खर्ज मिळतो, वरची जी जाते.

बीवरून सीवर जायचं तर सगळ्या तारा एकेक घर सरकतात. दांडीच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा बीच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. त्यात बारीक तार बसवली की ती खुळखुळते. म्हणून पट्टी नवी घालावी लागते. एकूण ताण बदलतो, त्यामुळे दांडीतली सळई पुन्हा कसावी लागते आणि ब्रिजवर प्रत्येक तारेची लांबी नव्यानं जुळवावी लागते. तेव्हा हा निर्णय रोज फिरवण्यासारखा नाही. ऑर्केस्ट्रात त्याला कीबोर्डवर बांधलेली गाणी वाजवायची असतात. त्यानं बी ठेवला आणि माझ्या मते योग्यच केलं.

मिरजेतला तोच प्रश्न

हे सगळं लांबचं वाटत असेल तर मिरजेला जावं. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शिकलगार समाजातल्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम उचललं आणि पुढे आडनावच सतारमेकर झालं. त्यांच्याकडे सतार मागवायची तर एक गोष्ट आधी सांगावी लागते : खर्ज-पंचमाची हवी की गंधार-पंचमाची?

पंडित रविशंकर यांच्या पद्धतीच्या सतारीत खर्जाच्या जाड तारा आहेत. आलापी अति-मंद्रात खोलवर जावी, ही त्यांची गरज. उस्ताद विलायत खान यांनी खर्जाच्या तारा काढल्या आणि गंधारासाठी पोलादी तार घेतली. त्यांना सतारीवर गाणं गायचं होतं आणि गायकाचा गळा त्या खोलीत क्वचितच जातो. शिवाय त्यांच्या घराण्यात खर्जासाठी सूरबहार होताच. धाकटे भाऊ इमरत खान तो वाजवत. एकाच काळात दोन थोर वादकांनी एकाच वाद्यावर उलट निर्णय घेतले आणि दोन्ही बरोबर ठरले. मिरजेचा कारागीर दोघांनाही हवं ते घडवून देत आला, यातला कुठला खरा असा वाद त्यानं घातला नाही.

अभिमान कशाचा?

आपल्या समाजात इतिहास बऱ्याचदा ‘आधी कोणी केलं’ या स्पर्धेसारखा सांगितला जातो. बाहेरून सतत ‘तुमचं योगदान काय’ असं विचारलं जात असेल, तर असं उत्तर तोंडी येणं मी समजू शकतो. पण या घाईत रूहच्या लाल तारेची गोष्ट उरते आणि अल-फाराबीचा हिशेब विसरला जातो. गोष्ट ऐकून माणूस सुखावतो. हिशेब शिकला तर तो उद्या स्वतःच्या वाद्यावर पाचवी तार कुठे लावायची हे ठरवू शकतो. अल-किंदी आणि अल-फाराबी यांनी ग्रीकांचं गणित घेतलं, फारसी वादकांचे शब्द घेतले आणि आपल्या हातातल्या वाद्याला काय कमी पडतं ते मोजलं. कोणाकडून घेतलं याची त्यांना लाज नव्हती. त्यांचं मोठेपण त्या मोजण्यात आहे.

उर्दू शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणूनच एक सुचवावंसं वाटतं. झिरयाबची गोष्ट मुलांना जरूर सांगा, ती ऐकायला गोड आहे. त्यानंतर फळ्यावर ६४, ४८, ३६, २७ एवढे चार आकडे लिहा आणि पाचवा कोणता येईल ते विचारा. एखादं मूल सव्वावीस म्हणेल. मग त्याला विचारा, सव्वावीस धाग्यांची तार तू कशी वळशील?